अर्धा कप टाकून उठले त्याबद्दल

मागच्या गुरुवारी एका कॅफेत मी अर्धा कप कॉफी तशीच टाकून उठले. पानात टाकायचं नाही हे आमच्या घरात इतकं मुरलेलं आहे की पंगतीत नको असलेली जिलबीसुद्धा मी संपवते. त्यामुळे तो अर्धा कप दोन दिवस डोक्यातून जाईना.

कॅफे नवीन आहे, कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, आमच्या दुकानापासून चालत सात मिनिटांवर. दुकान औषधांचं. मी फार्मासिस्ट आहे, सत्तावीस वर्षं त्याच काउंटरवर. दुपारी दोन तास दुकान बंद असतं, तेव्हा गेले होते. फ्लॅट व्हाइट मागवली, म्हणजे मशीनमधून काढलेली दाट काळी कॉफी आणि तिच्यावर वाफेने तापवलेलं दूध. २८० रुपये. वर दुधाचं सुरेख पान काढलेलं होतं. पहिल्याच घोटाला जीभ भाजली, म्हणून जरा थांबले. निवल्यावर जे लागलं ते असं: आधी उतू गेलेल्या दुधाचा वास, मग जास्त भाजलेल्या शेंगदाण्याचा करपट कडवटपणा, आणि त्याच्यामागे काहीच नाही. चांगल्या कॉफीचा घोट गिळला की तोंडात काहीतरी रेंगाळतं. इथे घोट गेला तो गेलाच. मग साखर घातली. करपट होतं ते गोड करपट झालं.

आता कुणी म्हणेल, एक कप कॉफी, सोडून दे. मला नाही सोडता येत. कॉफी ही माझ्या आयुष्यातली फार जवळची गोष्ट आहे, आणि तिच्यावर मेहनत घेणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत.

मी वाढले माटुंग्यात, किंग्ज सर्कलच्या जवळ. वडील रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपात होते. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं: आम्ही, एक कच्छी कुटुंब, एक मंगळूरकडचे मास्तर आणि आमच्या भिंतीला भिंत लागून पालघाटची मामी. तिकडच्या बायकांना सगळा माटुंगा मामीच म्हणायचा, त्यामुळे तिचं नाव मला पुष्कळ उशिरा कळलं.

आमच्या घरात कॉफी व्हायची ती आजीच्या हातची. पातेल्यात दूध, थोडं पाणी, भरपूर साखर, उकळी आली की चमचाभर पावडर, आणि शेवटी सहाणेवर उगाळलेलं जायफळ. रोज सकाळ-संध्याकाळ चहाच. कॉफी व्हायची ती हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, हरतालिकेच्या जागरणाला, कुणी तापातून उठलं की, आणि माझ्या दहावीच्या अभ्यासाच्या रात्री. तापातून उठलेल्या माणसाला ती बशीत ओतून मिळायची. त्या कॉफीत कॉफी मसाल्यासारखी असायची, मूळ पदार्थ गोड दूधच. पण आजी जायफळ किती वेढे उगाळायचं ते मोजायची, आणि पातेलं खाली उतरवल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आजही तीच करते. ती वेळ तिचीच आहे, तिथे फिल्टर कॉफी मला स्वतःलाही चालत नाही.

मामीकडची कॉफी वेगळी. तिच्या स्वयंपाकघरात दोन माणसं एकदम उभी राहू शकत नसत, म्हणून मी उंबऱ्यावर बसून बघायचे. पितळेचा फिल्टर, आतून कल्हई केलेला. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात ती तीन चमचे शिगोशीग पावडर घालायची आणि भांड्याला बाहेरून दोनदा टिचकी मारायची. पावडर आपोआप सपाट व्हायची. दाबायची नाही कधी. मग दांड्याची चकती वर अलगद ठेवायची. पाणी उकळून खाली उतरवलेलं असायचं. त्यातलं आधी जेमतेम चार चमचे, कडेकडेने गोल फिरवत. पावडर ओली झाली की ती फुगायची, श्वास घेतल्यासारखी, आणि पहिला वास यायचा. तेव्हा मामी हात थांबवायची. "घाई नाय करायची," असं ती तिच्या मराठीत म्हणायची, मला की स्वतःला ते कळायचं नाही. मग उरलेलं पाणी. मग झाकण. मग ती पूजेला बसायची आणि मी खालच्या भांड्यातला टप-टप आवाज ऐकत बसायचे. वीस मिनिटांनी खाली काळंभोर डिकॉक्शन जमलेलं असायचं, इतकं दाट की भांडं तिरकं केलं तर काठाला तपकिरी पट्टा राहायचा.

तिचे नियम मोजके होते आणि त्यात सूट नव्हती. दूध एकदाच वर येऊ द्यायचं, पुन्हा तापवलेलं दूध कॉफीला नाही. डिकॉक्शन कधी आचेवर ठेवायचं नाही, गार झालं तर भांडं गरम पाण्यात धरायचं. साखर आधी पेल्यात, मग डिकॉक्शन, मग दूध. आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात दोनदाच वरखाली करायची. तिसऱ्यांदा केली तर ती निवते. कुंभकोणमच्या डिग्री कॉफीची गोष्ट तिनेच सांगितली होती: दुधात पाणी नाही हे लॅक्टोमीटरवर डिग्री बघून ठरवायचे, त्या बिनपाण्याच्या दुधाची ती डिग्री कॉफी. तिच्या वडिलांनी तिला तसं सांगितलं होतं. मला माझा स्वतःचा पेला मिळाला तो चौदाव्या वर्षी. त्याआधी नुसतं दूध आणि त्यात चमचाभर डिकॉक्शन, लहान मुलांचं.

पावडर आणायला मी तिच्याबरोबर जायचे. माटुंग्याच्या बाजारात कॉफीचं दुकान होतं, दारात पोहोचायच्या आधी वास यायचा. दुकानदार विचारायचा, पीबेरी की प्लांटेशन, आणि चिकोरी किती. मामीचं ठरलेलं: अर्धी पीबेरी, अर्धी प्लांटेशन ए, चिकोरी शेकडा पंधरा. हे शब्द तेव्हा मला मंत्रासारखे पाठ होते, अर्थ पुढे कळला. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन बिया असतात, एका बाजूने सपाट, समोरासमोर चिकटलेल्या. काही फळांत एकच बी धरते, ती वाटाण्यासारखी गोल होते, ती पीबेरी. प्लांटेशन म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका, आणि ए हा दाण्याच्या आकाराचा दर्जा. फळासकट वाळवली तर तिला चेरी म्हणतात. रोबस्टा वेगळी जात. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, चव रांगडी, दाट. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीचा बराच मोठा हिस्सा रोबस्टाचाच आहे, आणि देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात होते.

चिकोरीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण हल्ली कॉफीची आवड असलेली तरुण मुलं तिचं नाव काढलं की नाक मुरडतात. चिकोरी हे मूळ आहे. भाजून दळतात. कॅफिन अजिबात नाही. पण ती डिकॉक्शनला रंग आणि अंग देते, आणि पाणी पावडरीतून हळू उतरतं. दूध घालून पिणाऱ्या कॉफीला थोडी चिकोरी फार चांगली साथ करते, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवावरून म्हणते. दहा ते पंधरा टक्के. वीसपर्यंतही ठीक. तीसच्या पुढे गेलं की काकवीसारखा जडपणा येतो आणि कॉफी मागे सरते. पाकिटावर टक्केवारी छापणं कायद्याने बंधनकारक आहे आणि निम्म्याहून थोडी जास्त तरी कॉफी असावीच लागते. पण तुम्ही घरातलं पाकीट आत्ता उलटून बघा. ५३ आणि ४७ असे आकडे दिसले तर जवळजवळ अर्धं पाकीट मुळाचं आहे. पैसे मात्र कॉफीचे म्हणून दिलेत.

मामी एका वेळी पावशेरच घ्यायची. दुकानदार समोर दळायचा, कागदाची पिशवी हातात यायची ती कोमट. "पंधरा दिवसांत संपव, नाहीतर भुसा," हे वाक्य तिचं. मी लग्न होऊन पुण्यात आले तरी वर्षानुवर्षं माझी पावडर माटुंग्याहूनच येते. कुणी ना कुणी येतं-जातं. मी स्वतः गेले की गाडीत डोक्यावरच्या फळीवर पिशवी ठेवते, आणि कर्जत यायच्या आत शेजारचं कुणीतरी विचारतं, कॉफी आहे का हो.

पुणं चहाचं. इथे अमृततुल्यात कॉफी मागितली तर उकळत्या दुधात इन्स्टंटची पुडी मिळायची, आणि लग्नाच्या हॉलमध्ये ते मोठं मशीन. आठवतं ना? स्टीलचं, फुस्स करून वाफ सोडणारं, त्यातून कप भरून फेस यायचा आणि वर चॉकलेटची पावडर भुरभुरलेली. त्याला सगळे एस्प्रेसो म्हणायचे. खरी एस्प्रेसो म्हणजे ३० मिलीचा एक काळा घोट असतो हे कळायला मला बरीच वर्षं लागली. बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर १९९६मध्ये कॅफे कॉफी डे निघालं, ते पुढे आमच्या पुण्यात आलं. तिथे मैत्रिणीबरोबर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही, ही बायकांसाठी किती मोठी गोष्ट होती ते आजच्या मुलींना सांगून कळणार नाही. २०१२मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला स्टारबक्सचं पहिलं दुकान उघडलं तेव्हा मी भावाबरोबर मुद्दाम बघायला गेले होते. उंच छत, लाकूडकाम, सगळी इमारत कॉफीच्या वासाची. मला ते आवडलं होतं. कॉफीला कुणीतरी एवढी जागा दिली, याचंच बरं वाटलं होतं.

मग चव का हरवली? मी औषधं मोजून देणारी बाई आहे, म्हणून मोजूनच बघते. माझ्या घरच्या पेल्यात १५० मिली मावतं. त्यात ५० मिली डिकॉक्शन, १०० मिली दूध. म्हणजे तिसरा हिस्सा कॉफी. कॅफेतल्या मोठ्या मगात ३५० मिली मावतं. त्यात एस्प्रेसोचे दोन शॉट घातले तरी ६० मिली होतात, आणि पुष्कळदा एकच असतो. कप मोठा होतो तसं दूध वाढतं, कॉफी तेवढीच राहते. चव लागत नाही म्हणून हेझलनटचं सिरप, कॅरॅमल, वर क्रीम. मग गिऱ्हाईक म्हणतं, छान आहे. छान आहे ते सिरप. मला कुणी विचारलं की कॅफेत काय मागवू, तर मी सांगते, सगळ्यात लहान कप माग. पैसेही वाचतात आणि दुकानाला कॉफी येते की नाही तेही कळतं.

दुधाचं तापमान हा दुसरा मुद्दा, आणि गुरुवारी माझी जीभ भाजली ती त्यामुळे. वाफेच्या नळीने दूध तापवतात तेव्हा ते ६० ते ६५ अंशांपर्यंत गोड आणि रेशमी लागतं. फेस इतका बारीक असतो की तो वेगळा दिसतच नाही, दूधच जरा दाट झालंय असं वाटतं. सत्तरच्या पुढे गेलं की दुधातली प्रथिनं बिघडायला लागतात, उकळलेल्या दुधाचा तो वास येतो, फेस फुटून साबणासारखे बुडबुडे होतात. यावर माझ्या मुलीने मला बरोबर अडवलं होतं. म्हणाली, आई, मामीचं दूध तर उकळलेलंच असायचं की. असायचं. पण मामीची कॉफी गडद भाजलेली, चिकोरीची, दाट. उकळलेल्या दुधाला तोंड देईल अशी. आणि पेला-वाटीत ओतता ओतता ती पिण्याजोगी निवायची, मामी कुणाच्या हातात जीभ भाजणारा पेला देत नसे. फ्लॅट व्हाइटला दाणे हलके भाजलेले असतात, त्यांचा वास नाजूक. उकळलेलं दूध तो गिळून टाकतं. दोन वेगळ्या रीती आहेत, एकीचा नियम दुसरीला लावला की दोन्ही बिघडतात. घरी मी फिल्टरला चितळ्यांचं गाईचं दूध घेते. म्हशीच्या दुधाची साय जिभेवर बसते आणि कॉफी तिच्याखाली दबते. ही माझी आवड, आजीच्या जायफळाच्या कॉफीला मात्र म्हशीचंच हवं.

तिसरा मुद्दा तारीख. पाकीट हातात आलं की माझं बोट आपोआप तारखेकडे जातं, सत्तावीस वर्षांची सवय. कॉफीच्या पाकिटावर मला भाजल्याची तारीख हवी. भाजलेला दाणा आठवडाभर थांबावा, पुढचे चार-सहा आठवडे त्याचे चांगले दिवस. दळल्यावर तर काही तासांतच वास उडायला लागतो. "बारा महिन्यांत वापरा" या छापील ओळीचा अर्थ एवढाच की तोवर त्याने पोट बिघडणार नाही. चवीबद्दल ती ओळ काही सांगत नाही.

आणि स्वच्छता. मी काउंटरवर गेले की आधी वाफेची नळी बघते. तिच्यावर वाळलेल्या दुधाचा पिवळट पापुद्रा असेल तर मी लिंबू-सोडा मागवते. कॉफीच्या दाण्यात तेल असतं, ते मशीनच्या जाळीत साठून खवट होतं. जुन्या खोबऱ्याला येतो तसा वास मग प्रत्येक कपाला येतो, दाणे कितीही महागाचे असोत. पावसाळ्यात आणखी एक अडचण. हवेतल्या ओलीने दळण बदलतं, जूनमध्ये जो दळणाचा आकडा चालत होता तो जुलैत चालत नाही. शॉट साधारण २५ ते ३० सेकंदांत उतरायला हवा. चाळीस सेकंद लागले तर कडू, पंधरात उतरला तर आंबट-पांचट. जो मुलगा दिवसातून एकदा तरी स्वतः घोट घेऊन बघतो त्यालाच हे कळतं.

चांगली कॉफी कुठे मिळते तेही लिहिते. माटुंग्यात गेले की रामा नायकांच्या उडुपीत जेवण (१९४२पासून आहे ते) आणि कॉफीला कॅफे मद्रास. तिथे रविवारी सकाळी बाहेर रांग असते. रांगेमुळेच कॉफी ताजी असते, डिकॉक्शन तासन्‌तास पडून राहायला वेळच मिळत नाही. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीची फिल्टर कॉफी मी मनापासून पिते. कोथरूडला एमआयटीजवळ दुर्गाची कोल्ड कॉफी ही वेगळीच गोष्ट, दाट, थंडगार, गोड. परीक्षेच्या दिवसांत मुलं हातात ग्लास आणि काखेत वही घेऊन रस्त्यावर उभी असतात. ती कॉफी जे म्हणून विकली जाते तेच असते, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आणि एक छोटं दुकान आहे, दाणे स्वतः भाजणारं. मुलीने नेलं मला तिथे, मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. कागदाच्या गाळणीतून उतरवलेली काळी कॉफी, दूध नाही, साखर नाही, चिकमगळूरच्या एका मळ्यातली. बाबा बुदनने येमेनहून सात बिया आणून लावल्या असं सांगतात, तो हा डोंगर. मला वाटलं होतं, कडू काढा असेल. पहिला घोट आंबटसर लागला, आणि मी कप खाली ठेवणार होते. दुकानातली मुलगी म्हणाली, "काकू, दोन मिनिटं निवू द्या." निवल्यावर त्यात काळी मनुका आली, मग पिकलेल्या फणसाचा अगदी पुसट वास. मी दोनदा विचारलं की यात काही घातलंय का. तिने काचेच्या बरणीतून दाणे काढून हातावर ठेवले. फळासकट उन्हात वाळवलेले, म्हणून तो वास. इतकी वर्षं मी कॉफी पीत होते आणि कॉफी हे एक फळ आहे हे जिभेला पहिल्यांदा कळलं.

त्याच डिसेंबरात आम्ही कुर्गला गेलो. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी, ओकवर चढलेले मिरीचे वेल. एक फळ तोडून मी तोंडात टाकलं. गर थोडासाच, पण गोड. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून एकाच झाडाकडे दोन-तीनदा फिरावं लागतं, लालच तोडायचं, हिरवं सोडायचं. बायका कमरेला पिशवी बांधून तोडत होत्या, बोलणं चालू आणि बोटं फळ न बघता रंग ओळखत होती. साधारण सहा किलो फळ तोडलं की एक किलो वाळलेली कॉफी मिळते, आणि भाजताना त्यातलंही शेकडा पंधरा-वीस वजन जातं. हे बघितल्यापासून टाकलेली कॉफी माझ्या मनाला जास्त लागते, आणि जाळलेली त्याहून जास्त.

म्हणून शनिवारी मी पुन्हा त्या कॅफेत गेले. अडीच वाजता, गर्दी नव्हती. काउंटरवर तोच मुलगा, लातूरकडचा, एकवीस-बावीसचा. मी सांगितलं, परवा अर्धा कप ठेवून गेले ती मी. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मला दिसला होता कप, मॅडम. म्हणलं, काय चुकलं?" त्या एका वाक्याने मला बरं वाटलं. त्याने कप उचलताना बघितलं होतं.

मी म्हटलं, दूध फार तापवतोस रे. तो म्हणाला, "गार आहे म्हणून कप परत येतेत मॅडम. दिवसातून दहा-बारा येतेत. चहासारखं चटका बसणारं पाहिजे म्हणतेत लोक." खरं आहे ते. आपल्याला गरम म्हणजे उकळतं लागतं. मी विचारलं, तू पितोस का फ्लॅट व्हाइट? नाही म्हणाला, चहाच पितो. तीन दिवस शिकवलं होतं त्याला, त्यातला दीड दिवस पान काढायला.

मग आम्ही करून बघितलं. मी त्याला मामीसारखंच सांगितलं, घाई करू नकोस. दुधाच्या भांड्याला बाहेरून तळहात लावून ठेव. हात ठेववेनासा झाला की तिथेच वाफ बंद. त्याने तसं केलं. भांडं दोनदा ओट्यावर आपटलं, गोल फिरवलं, दूध रंग दिल्यासारखं चकाकायला लागलं. दोन लहान कप भरले, एक त्याच्यासाठी. पान काढायच्या भानगडीत पडू नको म्हटलं. तो प्यायला आणि थांबला. "साखर घातली का मी?" असं त्याने विचारलं. नव्हती घातली. दुधाची गोडी होती ती.

पण मागचा करपट कडवटपणा तसाच होता. मी पिशवी दाखवायला सांगितली. त्याने आणली, उघडी, वर रबर लावलेलं. भाजल्याची तारीख चार महिन्यांपूर्वीची. आमच्याकडे असं औषध असतं तर परत पाठवलं असतं, असं मी म्हटलं. मालक एकदम माल भरतात, स्वस्त पडतो, तो म्हणाला. त्याचा त्यात काही दोष नाही. मी मालकांसाठी वहीच्या कागदावर चार ओळी लिहिल्या: कमी आणा, ताजं आणा, भाजल्याची तारीख बघून घ्या, आणि खाली दुकानाचा नंबर. त्याने तो कागद मशीनच्या बाजूला चिकटवला.

माझा कप मी पूर्ण संपवला. तो करपट आहे हे त्याला सांगूनच संपवला. सोमवारी नवीन पिशवी येणार आहे, आधी तो स्वतः चाखणार आहे. मंगळवारी अडीचला मी जाणार आहे.